'लशीनंतर' आणि 'लशीमुळे'

नागपुरातली इतवारी असो की जवळचं हिंगणा, लसीकरण सत्रावर थोडा वेळ थांबलं की एक वाक्य कानावर येतंच: "टोचून आणलं न् दुसऱ्याच दिवशी पोरगं आजारी पडलं." आई खरंच सांगत असते. पण 'लशीनंतर' आणि 'लशीमुळे' यांतला फरक कळायला एक हिशोब मांडावा लागतो, आणि तो कुणालाही जमतो.

समजा, एक लाख बाळांपैकी ८०० बाळं पहिल्या महिन्यानंतर, वर्षाची व्हायच्या आत, कोणत्या ना कोणत्या कारणाने दगावतात. (आकडा उदाहरणापुरता.) अकरा महिन्यांचे साधारण ३३५ दिवस, म्हणजे रोजचे सरासरी २.४ मृत्यू. पेंटाव्हॅलेंट ही पाच आजारांवरची एकत्रित लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. प्रत्येक डोसनंतरचे दोन दिवस धरले तर सहा दिवसांत सुमारे १४ मृत्यू होतील. सुईत नुसतं पाणी असतं, तरी हे १४ मृत्यू 'लशीनंतर'चेच ठरले असते. म्हणून विचारायचं ते एवढंच: १४ पेक्षा जास्त झाले का? ही तुलनाच नसलेला मजकूर कितीही मोठ्या अक्षरांत फॉरवर्ड होवो, त्याला वजन नाही.

एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस) दिली की ऑटिझम होतो, ही भीती पसरली ती १९९८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने. त्यात मुलं १२ आणि तुलनेचा गट नाही. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. त्याच्या समोर २०१९ चा डेन्मार्कचा अभ्यास ठेवा: ६,५७,४६१ मुलं, त्यांतली ६,५१७ ऑटिझमची. एमएमआर घेतलेल्यांतला धोका न घेतलेल्यांच्या ०.९३ पट, आणि अंदाजाचा पट्टा ०.८५ ते १.०२. या पट्ट्यात १, म्हणजे दोघांचा धोका सारखाच, हेही येतं, म्हणून 'लशीने ऑटिझम टळतो' असा अर्थ काढू नये. धोका वाढलेला नाही, इतकंच म्हणता येतं. ज्यांच्या भावंडांना ऑटिझम आहे अशी मुलं वेगळी काढूनही तेच दिसलं.

अशा अभ्यासांतही एक खोट असू शकते. आजारी बाळाची लस पुढे ढकलली जाते, त्यामुळे लस घेतलेली मुलं मुळातच धडधाकट असतात आणि लस आहे त्याहून सुरक्षित दिसू शकते. यावर उपाय म्हणजे एकाच मुलाचे लशीनंतरचे दिवस त्याच मुलाच्या इतर दिवसांशी ताडून पाहणं. घर तेच, आईबाप तेच, प्रकृती तीच.

खरा धोका असला तर तो सापडतो का? सापडतो. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये परवाना मिळालेली रोटाशील्ड ही रोटाव्हायरसची लस जुलै १९९९ मध्ये थांबवली गेली. पहिल्या डोसनंतर तीन ते चौदा दिवसांत काही बाळांचं आतडं आतड्यात शिरत होतं, साधारण दहा हजारांत एकाचं. आधीच्या चाचण्यांत हे सुटलं, कारण दहा हजारांत एकदा होणारी गोष्ट किमान एकदा तरी दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर तीस हजार मुलांना लस द्यावी लागते. पुढच्या दोन रोटा लशींच्या मुख्य चाचण्या साठ हजारांहून जास्त मुलांवर झाल्या, त्यातल्या निम्म्यांना खरी लस.

गोवर असलेल्या लशींमुळे तापातले झटकेही येतात, हे लपवायचं कारण नाही. एमएमआरच्या पहिल्या डोसनंतर तीन-चार हजार मुलांमागे एक जास्तीचा झटका. पण वेळ बघा: लशीतला जिवंत, दुबळा केलेला विषाणू आधी शरीरात वाढतो, म्हणून ताप आणि पुरळ सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास. पेंटाव्हॅलेंटचा ताप मात्र पहिल्या दोन दिवसांत. एमआर (गोवर-रुबेला) लशीनंतर दुसऱ्याच दिवशी ताप आला तर दुसरं कारण शोधा. लशीवर ढकललं की न्यूमोनिया नजरेतून निसटतो.

कधी लस चांगली असते आणि चूक हाताळणीत होते. एमआर आणि बीसीजी (क्षयरोगाची लस) यांच्या भुकटीत द्रावक मिसळला की कुपी चार तासांत टाकावीच लागते. नाहीतर आत जंतू वाढतात आणि त्यांच्या विषाने बाळ दगावू शकतं. पेंटाव्हॅलेंटची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. ती गोठली तर मात्र वाया, म्हणून बर्फाला चिकटू द्यायची नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कुपीवरच्या उष्णता दाखवणाऱ्या खुणेतला चौकोन बघा: तो भोवतालच्या वर्तुळाहून फिका हवा. सारखा किंवा गडद झाला असेल तर ती कुपी वापरायची नाही. आणि एमआर असेल तर "ताई, कुपी किती वाजता उघडली?" हे बिनधास्त विचारा. वेळ कुपीवर लिहिलेली असायला हवी.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. जिवावरची अ‍ॅलर्जी बहुधा या वेळातच कळते. पॅरासिटामॉल आधीच पाजू नका, ताप आला तरच द्या, तेही बाटली वाचून. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिलिग्रॅम, सिरपमध्ये २५ च्या आसपास. पाच किलोच्या बाळाला एका वेळी ५० ते ७५ मिलिग्रॅम, म्हणजे थेंबांचं अर्धा ते पाऊण मिली. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर डोस चौपट होतो. तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटका किंवा अंग ढिलं पडणं दिसलं तर फोनवर सल्ले न घेता मेयो, मेडिकल, जे रुग्णालय जवळ असेल तिथे न्या आणि लसीकरण कार्ड सोबत घ्या, कारण लशीचं नाव आणि तारीख डॉक्टरांना त्यावरूनच कळणार आहे.