आईबाप भेटले, लेकरू नाही

लूर्दला रात्रीची मेणबत्त्यांची मिरवणूक पाहिली, तुलूजच्या गुलाबी विटांच्या गल्ल्यांतून फिरलो, भाच्याच्या घरी चार दिवस आयता पाहुणचार झोडला. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. मी फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांत गेले ती एका नेच्यासाठी, म्हणजे फर्नसाठी, आणि तो काही मला दिसला नाही.

नवऱ्याला हे विमानात बसल्यावर सांगितलं. "नेचा? कुंडीतला?" एवढं म्हणून त्याने डोळ्यांवर पट्टी ओढली.

माझी बाजू ऐका. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर तेच: घोडा, गाढव, खेचर. घोडा-गाढव एकाच प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जीनस, जातीच्या वरचा गट), वेगळे होऊन चाळीस-पंचेचाळीस लाख वर्षं झालेली, म्हणून संकर होतो. तरी खेचर वांझच. प्रजातीच वेगळी असली की विषय संपला, असं मी ठणकावून सांगायचे. एखादं हुशार पोर ऑर्किडच्या दोन प्रजातींतल्या संकरांचं नाव काढायचं, त्याला "अपवाद" म्हणून खाली बसवायचे.

मग २०१५ साली एक शोधनिबंध आला. फ्रान्सच्या बाजूच्या पिरेनीजमध्ये सापडलेल्या एका नेच्याचा डीएनए तपासला होता. आई-बाप दोन वेगळ्या प्रजातींचे निघाले, जिम्नोकार्पियम आणि सिस्टोप्टेरिस, आणि ते एकमेकांपासून वेगळे झाले होते सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपल्या सह्याद्रीचा कातळ थिजून फार दिवस झाले नव्हते तेव्हा! माणूस आणि लेमूर यांना पोर व्हावं, अशातला प्रकार. त्या पोराचं नाव सिस्टोकार्पियम रोस्कामियानम, नावाच्या आधी संकराची खूण म्हणून गुणाकाराची फुली. ते वांझ आहे, त्याचे बीजाणू रुजत नाहीत. जमिनीत आडवं सरपटणारं खोड वाढवून तेवढ्यावर ते तग धरतं. मी निबंध दोनदा वाचला आणि एकतीस वर्षांतल्या सगळ्या वर्गांची मनातल्या मनात माफी मागितली.

नेमकी जागा मला माहीत नव्हती. दुर्मीळ झाडाचा पत्ता कुणी जाहीर करूही नये, ओरबाडून नेणारे टपलेलेच असतात. पण आई-बाप दोघंही त्या डोंगरांत भेटतात. एकाच जागी दोघं दिसले तरी पावलं, असा माझा हिशोब.

पहिला दिवस गावार्नीला. तीन बाजूंनी उभे चुनखडीचे कडे, वरून सुमारे ४२० मीटरचा धबधबा, जागतिक वारशाच्या यादीतली जागा. गावापासून कड्यांच्या पायथ्यापर्यंत रुंद वाट, आणि त्या वाटेवर बसमधून उतरलेली अख्खी दुनिया. माणसं चालत, पोरं गाढवांवर. खाली बघून चालणारी मी एकटीच, पण लोकांना वाटत होतं मी लीद चुकवतेय. एका दगडाच्या आडोशाला तीन भागांत विभागलेलं नाजूक पान दिसलं आणि मी गुडघ्यांवर बसले. बाप सापडला, जिम्नोकार्पियम! (आई कोण, बाप कोण, ते मी सोयीने ठरवलं होतं.) अर्धा तास फोटो काढले. नवरा कड्यांकडे बघत उभा होता, भाचा म्हणाला, "मावशी, मागे धबधबा आहे हं, नंतर म्हणशील राहिला."

रात्री फोटो मोठे करून पाहिले तर पानाच्या देठावर बारीक ग्रंथींचे केस. माझा चेहरा उतरला. हा त्याचा चुनखडीवर राहणारा सख्खा भाऊ, जिम्नोकार्पियम रॉबर्टियानम. मला हवा होता तो जिम्नोकार्पियम ड्रायोप्टेरिस, ज्याचं पान गुळगुळीत आणि पोपटी असतं, आणि ज्याला चुनखडी सोसत नाही. चुनखडीच्या डोंगरात मी त्याला शोधत होते. पोरांचे मार्क मी याहून किरकोळ चुकांसाठी कापलेत.

दुसऱ्या दिवशी म्हणून कोतरे. तिथला डोंगर ग्रॅनाइटचा. पाँ देस्पान्य या पुलाकडे चढणाऱ्या वाटेवर एकामागून एक धबधबे, बाजूला बीच आणि फरची दाट झाडी, अंगावर सतत तुषार. गर्दी वरच्या पुलापाशी गाडीने जाते, त्यामुळे वाटेवर शांतता. काकांनी, म्हणजे भाच्याच्या काकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानेच शोधलं. "हे बघ, तीन पानांचं." सावलीतल्या काळ्या मातीत वीतभर उंचीचे देठ, तारेसारखे काळपट, वर आडवी पसरलेली पोपटी पानं. एक नवं पान उमलायचं होतं: देठाच्या टोकाला तीन घट्ट गोळ्या, एकाच काडीला लावलेल्या मण्यांसारख्या. पान उलटं करून पाहिलं, बीजाणूंचे ठिपके उघडे, वर झाकण नाही. केसही नाहीत. हाच.

आणि मान वर केली तर हातभर अंतरावर, ओल्या खडकाच्या भेगेत, सिस्टोप्टेरिस फ्रॅजिलिस. नावाप्रमाणेच ठिसूळ, बोट लागलं की देठ मोडेल असा. याच्या ठिपक्यांवर इवलंसं फुगीर झाकण, टोपी मागे सरकावी तसं.

मी तिथे बराच वेळ बसले. नेच्याला फूल नाही, त्यामुळे फूल ओळखून येणारी माशी नाही, भुंगा नाही. बीजाणू ओल्या मातीत रुजतो, त्यातून नखाहून लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो, आणि त्यातला शुक्राणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत शेजारच्या पापुद्र्यापर्यंत जातो. शेजारी कोण, हे विचारणारं मध्ये कुणी नाही. निबंधातही नेच्यांचे संकर इतक्या अंतराने कसे होऊ शकतात याचं हेच कारण सुचवलंय. खडकावरून एक थेंब सुटायचा, पोपटी पानावर टपकायचा, पान हलायचं. पुन्हा थेंब. असे ६ कोटी वर्षं, आणि त्यातला एखादा.

आजूबाजूची तीन-चार मीटर जमीन मी इंचाइंचाने पाहिली. मधलं काही, दोघांचं दिसणारं, कुठेही नव्हतं. राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे पान खुडायची बंदी, ती मी पाळली; खोटं कशाला बोलू, रॉबर्टियानमचं एक गळलेलं पान आदल्या दिवशी वहीत गेलं होतं, ते आणून परत ठेवलेलं नाही. गुडघे ओले, कंबर धरलेली. नवऱ्याने हात देऊन उठवलं आणि विचारलं, "झालं लग्न लावून?"

परत आल्यावर बहिणीने फोटो मागितले. एकूण दोनशे बारा. गावार्नीच्या धबधब्याचा एकच, आणि त्यातही अर्धी चौकट एका गाढवाच्या कानाने भरलेली.