पाळीचा दुसरा दिवस

वंध्यत्वाच्या ओपीडीत डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्यासमोर बसते. शेवटची पाळी कधी आली, अंगावरून किती गेलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारून, वजन-बीपी लिहून मी फाइल आत पाठवते. सकाळची गर्दी बहुतेक पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्यांची. स्त्रीबीज तयार व्हायला मदत करणारी लेट्रोझोलची गोळी साधारण त्याच दिवसांत सुरू करतात. म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येकीची त्या महिन्याची आशा कालपरवाच मावळलेली असते. त्यामुळे तारीख विचारतानाही मी आवाज जपून वापरते.

ही मुलगी तिशीच्या आतली. बरेच महिने चान्स घेत होती. तिच्याकडे एक वही असायची, त्यात रोजची लक्षणं लिहिलेली. छाती जड आणि दुखरी, पोट फुगलेलं, दुपारी झोप अनावर, सारखं लघवीला जावंसं वाटतं, वास नकोसे झालेत. मागे एकदा ती वही माझ्यापुढे उघडून म्हणाली होती, "सिस्टर, सगळी लक्षणं होती हो. मग पाळी कशी आली?"

हा प्रश्न मला फार ऐकायला मिळतो, आणि त्याचं उत्तर कुणी नीट देत नाही म्हणून या मुली रात्र रात्र जागतात. स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार व्हायला लागतं, दिवस राहिले तरी आणि नाही राहिले तरी. छाती दुखते ती त्यामुळे, पोट फुगतं आणि थकवा येतो तोही बराचसा त्यामुळेच. त्यात वरून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर विचारूच नका. गर्भ गर्भाशयात रुजायलाच बीज सुटल्यापासून साधारण 6 ते 12 दिवस लागतात, आणि एचसीजी, म्हणजे टेस्टमध्ये दिसणारं गरोदरपणाचं हार्मोन, रक्तात उतरतं ते त्यानंतर. मळमळ तर बहुतेकींना पाळी चुकल्यावरच सुरू होते. तेव्हा पाळीच्या आधीच्या त्या आठवड्यात शरीराकडे कितीही कान लावले तरी ते हो म्हणतंय की नाही, हे ओळखता येत नाही. मी तिला एवढंच सांगितलं होतं की लक्षणं मोजू नकोस, पाळीची तारीख उलटली की सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट कर. बीज फुटण्यासाठी दिलेल्या एचसीजीच्या इंजेक्शनमुळे दहा-बारा दिवस खोटी रेघ येऊ शकते, म्हणून घाई करू नकोस, हेही बजावलं होतं.

त्या दिवशी वही पिशवीतच राहिली. "या महिन्यात काहीच वाटलं नाही," ती म्हणाली. "म्हणून टेस्टही केली नाही. काल पाळी आलीच. गोळ्या लिहून द्या."

मी तारीख लिहिली. पाळी तीन दिवस उशिरा आली होती. अंगावरून किती जातंय विचारलं, तर कालपासून एकच पॅड, तोही पुरता भिजलेला नाही. रंग तपकिरी. एरवी पहिल्या दोन दिवसांत तिला खूप जायचं, गाठी पडायच्या. माझ्याच अक्षरात फाइलमध्ये तसं लिहिलेलं होतं. पोट दुखतंय का? "हो, पण डावीकडेच. पाळीचं असेल."

मी तिच्या हातात लघवीची बाटली दिली. तिला पटेना. पाळी चालू असताना कसली टेस्ट? तिचं बरोबरच होतं, कुणालाही असंच वाटेल. पण अंगावरून गेलं म्हणजे ती पाळीच, असं नसतं. सुरुवातीच्या महिन्यांत साधारण चारपैकी एका गरोदर बाईला थोडाफार रक्तस्राव होतो, आणि त्यातल्या पुष्कळ जणींची बाळं सुखरूप जन्माला येतात.

पट्टीवर दुसरी रेघ आली, ठळक. इंजेक्शन देऊन दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाले होते, त्याची ती रेघ नव्हती.

ती रडायला लागली, मग हसायला लागली, नवऱ्याला फोन लावायला निघाली. मला तिच्यासोबत हसता येईना. डावीकडचं ते दुखणं डोक्यातून जात नव्हतं. "टेस्ट पॉझिटिव्ह आहे हे खरं आहे," मी म्हटलं, "पण गर्भ कुठे आहे ते आधी बघू या. मग फोन कर." तिचा चेहरा उतरला. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी असं वाक्य बोलताना माझ्या पोटात कालवतं.

डॉक्टर मॅडमनी लगेच आतून सोनोग्राफी केली. गर्भाशय रिकामं होतं. डाव्या गर्भनळीजवळ छोटी गाठ दिसत होती. रक्तातलं बीटा एचसीजी नऊशेच्या आसपास आलं. एवढ्या आकड्याला गर्भाशयातला गर्भही दिसतोच असं नाही, त्यामुळे दोन दिवसांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. निरोगी गर्भ असता तर आकडा निदान दीडपट तरी व्हायला हवा होता. तो हजाराच्या जरा वर जाऊन थांबला. गर्भ नळीत होता.

मधले दोन दिवस तिला घरी पाठवताना मी तिच्या नवऱ्यालाही समोर बसवलं. पोटात अचानक जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. खांदा कशाला, असं त्याने विचारलं. नळी फुटून पोटात रक्त साचलं की ते श्वासपटलाला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं, हे सांगितल्यावर त्याने सगळं लिहून घेतलं.

नळी फुटलेली नव्हती, गाठ लहान होती, म्हणून गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागलं, शस्त्रक्रिया टळली. चौथ्या आणि सातव्या दिवशी आकडा पाहिला, मग दर आठवड्याला, तो पार खाली येईपर्यंत. हे औषध फॉलिक ॲसिडच्या विरोधात काम करतं, म्हणून ती गोळी बंद करावी लागते. चान्स घ्यायचं ठरवल्यापासून तिने ती 400 मायक्रोग्रॅमची गोळी एक दिवस चुकवली नव्हती. ती बंद कर म्हटल्यावर ती जेवढी रडली, तेवढी निदान ऐकतानाही रडली नव्हती. मी काही समजावलं नाही. मागची पेशंट थांबवली आणि तिच्याजवळ बसले.

इंजेक्शननंतर निदान तीन महिने दिवस राहू द्यायचे नसतात. ते संपवून ती परत आली तेव्हा फॉलिक ॲसिड पुन्हा सुरू झालं होतं. तिने विचारलं, "सिस्टर, पुढच्या वेळी मी कोणत्या लक्षणांकडे बघू?"

"पाळी उशिरा आली, किंवा आली पण नेहमीसारखी नाही वाटली, तर टेस्ट कर," मी म्हटलं. "पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात ये. एकदा नळीत राहिलं की पुन्हा तसं होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तुझी पहिली सोनोग्राफी आपण सहाव्या आठवड्यातच करू."

तिने मान हलवली आणि पुढची तारीख घेतली.