राहायला आलेल्यांसाठी टांगलेली चित्रं

मौनाच्या शिबिरात चित्रं कशी टांगावीत हे सांगायचं आहे, आणि सुरुवात फ्रान्समधल्या एका मठापासून. ल्योंहून लोकलसारख्या गाडीनं लार्ब्रेल स्टेशनला उतरायचं आणि चढण चढायची. टेकडीवर ला तूरेत नावाचा डॉमिनिकन साधूंचा मठ आहे. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएनं तो १९५६ ते १९६० या काळात उभा केला. गिलावा नाही, रंग नाही, नुसतं काँक्रीट. साधू अजून तिथं राहतात आणि चार दिवस शांत राहू इच्छिणाऱ्या बाहेरच्या माणसालाही खोली मिळते. खोलीची रुंदी १.८३ मीटर आणि उंची २.२६ मीटर. दोन्ही हात पसरले की भिंती लागतात.

२००९ पासून या मठात समकालीन कलावंतांची प्रदर्शनं भरतात. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर २०१५ मध्ये, ली उफान २०१७ मध्ये, आन्सेल्म कीफर २०१९ मध्ये. त्यासाठी वेगळं दालन नाही. कलाकृती प्रार्थनेच्या जागी, जेवणघरात, येण्याजाण्याच्या बोळात ठेवतात. साधूंना त्यांच्याजवळूनच रोज ये-जा करावी लागते.

आपल्या मराठवाड्याला हे नवं वाटायचं कारण नाही. अजिंठा ही मुळात वर्षावासाची जागा. पावसाळ्यात भिक्षू एका ठिकाणी मुक्काम करत आणि विहारातल्या निजायच्या खोल्यांच्या दारांमधल्या भिंतींवरच चित्रं होती. पाहुणा येऊन बघून जाईल हा हिशेबच नव्हता.

सगळा फरक इथंच आहे. गॅलरीतला प्रेक्षक एका चित्रापुढं अर्धं मिनिट थांबतो. शिबिराला आलेला माणूस तेच चित्र पाच दिवस, दिवसातून दहा वेळा बघतो, तेही न बोलता. त्यामुळं शहरातल्या दालनात शोभणारी तीस चित्रं इथं आणली की तिसऱ्या दिवशी लोक मान खाली घालून चालायला लागतात. एका सभागृहाला सात ते नऊ कामं पुष्कळ झाली. एका भिंतीवर एकच. लांब भिंत असेल तर दोन, आणि मधे निदान दोन मीटर मोकळी जागा. कलावंत कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

सगळ्यात जास्त चूक उंचीत होते. गॅलऱ्यांत चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंमीवर ठेवतात, कारण बघणारा उभा असतो. शिबिरात माणूस आसनावर बसलेला असतो आणि त्याचा डोळा जमिनीपासून ७५ ते ८५ सेंमीवर येतो. त्याच्यासमोर १५० वर चित्र लावलं तर तासाभरात मान आखडते. बैठकीच्या सभागृहात मध्य १०५ ते ११० वर आणावा, बोळात आणि जेवणघरात १५० ठीक आहे. खिळ्याचा हिशेब असा: मध्याची उंची, अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा फ्रेमच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर. फ्रेम ६० सेंमी उंच, तार ८ सेंमी खाली आणि मध्य ११० हवा असेल तर ११० + ३० − ८, म्हणजे खिळा १३२ वर. इथं ‘ताणलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. सैल तार मोजली की टांगल्यावर चित्र दोन-तीन सेंमी खाली बसतं आणि मग पहिल्या भोकाच्या वर दुसरं भोक पडतं. त्यापेक्षा फ्रेमच्या मापाचा रद्दी कागद कापावा, त्यावर खिळ्याची जागा खुणावावी, कागद चिकटपट्टीनं भिंतीला लावावा आणि खाली आसनावर बसून दहा मिनिटं बघावं. उभ्यानं बघून ठरवू नये. कड्या फ्रेमच्या वरून एक-तृतीयांशावर, आणि खिळे दोन. एका खिळ्यावर चित्र हळूहळू तिरकं होतं आणि मौनात बसलेल्या माणसाला ते तिरकं चित्र काही सुचू देत नाही.

युरोपातल्या जुन्या मठांत संरक्षित भिंतीला भोक पाडायची सोय नसते, म्हणून छताजवळ पट्टी असते आणि तिच्यावरून बारीक पोलादी तार खाली सोडतात. आपल्याकडच्या मठांत, माळवदाच्या वाड्यांत ती पट्टी आयतीच आहे: तुळई. तुळईला आकडा, त्याला तार. पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा ठोकला तर तो ढेपळासकट बाहेर येतो. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांत सेंटिमीटरभर वारा खेळतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि ही फट नसेल तर बुरशी फ्रेमच्या मागून सुरू होते, पुढून काहीच दिसत नाही. कोनाडा मोकळाच ठेवावा. त्यात मूर्ती किंवा समई असते, तिथं चित्र घुसवणं वाईट दिसतं.

आता उजेड. कागदावरचं काम, जलरंग, जुनं कापड यांना ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) पुरे, तैलचित्राला १५० ते २००. कापड-कागदाच्या अगदी नाजूक कामाला वर्षभरात मिळून १५,००० लक्स-तास एवढाच उजेड द्यावा असा संग्रहालयांचा दंडक आहे. गॅलरी दिवसाला आठ तास उघडी राहते: ५० गुणिले ८ गुणिले ३० दिवस, म्हणजे १२,०००. भागतं. शिबिराचं सभागृह मात्र पहाटे पाचला उजळतं आणि रात्री नऊला मालवतं. सोळा तास धरले की महिन्याला २४,००० होतात. म्हणजे जुनी पैठणी किंवा हिमरू लावायचं असेल तर अठरा दिवसांत उतरवावं, नाहीतर त्यावर सुती पडदा घालून ठरलेल्या वेळीच उघडावं. अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या पासोडीसारखं लिहिलेलं लांब कापड तर टांगूच नये. आडवं ठेवावं, आणि गुंडाळायचं झालं तर घडी न घालता जाड नळीवर.

वरून येणारा उजेड फसवतो. अमेरिकेत ह्यूस्टनला मार्क रॉथ्कोच्या १४ चित्रांचं अष्टकोनी प्रार्थनागृह आहे. ते १९७१ मध्ये उघडलं, रॉथ्को त्याआधीच, १९७० मध्ये गेला. न्यूयॉर्कच्या आपल्या स्टुडिओत तो छतातल्या काचेखाली पॅराशूटचं कापड ताणून उजेड गाळायचा. ह्यूस्टनचं ऊन तसलं मवाळ नव्हतं. मग आडोसे लावले, ते बदलले, आणि छताची काच नव्यानं करून २०२० मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. आपल्याकडं पत्र्याच्या सभागृहात उजेडासाठी मधे फायबरचा पत्रा टाकतात. त्याच्याखाली एप्रिलमध्ये दुपारी चित्र म्हणजे नुसतं पांढरं झळझळतं. मांजरपाटाचे दोन थर ताणले की बराच फरक पडतो. फक्त ते पत्र्यापासून हातभर खाली ताणावेत, नाहीतर उष्णता अडकते. दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घ्यावेत. स्वस्त डिमरवर एलईडी बारीक फडफडते. एरवी कळत नाही, पण शांत बसल्यावर डोळ्याला जाणवतं.

ओलाव्याचं एकच सांगतो. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडलेला दिसला की मागच्या कोपऱ्यातल्या पाचरी ठोकायची घाई करू नये. हिवाळ्यात हवा कोरडी होते, कापड आखडतं आणि जास्त ताणलेल्या कॅनव्हासवरचा रंग तडकतो.

धूप-उदबत्तीचं काय, हा प्रश्न आपल्याकडं येणारच. काजळी तेलकट असते. ती नुसती बसत नाही, धरते, आणि पुसायला गेलं की रंगात चोळली जाते. उघडं चित्र ज्या खोलीत असेल तिथं उदबत्ती नको, समई दुसऱ्या टोकाला. वरून वॉर्निश मारून चित्र ‘सुरक्षित’ करायचा मोह आवरावा. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारनं अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा थर दिला आणि तो पुढं पिवळा पडला. तो काढण्याची किचकट कामं नंतरच्या पिढ्यांना करावी लागली.

काच लावली तर काजळीचा प्रश्न मिटतो आणि प्रतिबिंबाचा सुरू होतो. समोर खिडकी असेल तर बसलेल्याला चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं. वरची कड किंचित पुढं झुकवली की पुष्कळदा सुटका होते.

चित्राशेजारी पाटी नको. अनेक शिबिरांत वाचन वर्ज्य असतं आणि अक्षर दिसलं की माणूस वाचतोच. लहानसा आकडा पुरे, नावं-माध्यमं लिहिलेला कागद कार्यालयात ठेवावा, किंमतीही तिथंच. विकलेल्या चित्रावर लाल टिकली लावायची गॅलरीची रीत इथं आणली की साधकाच्या डोक्यात दुसराच हिशेब चालू होतो. व्हिडिओ आणि आवाजाची कामं टाळलेली बरी. प्रोजेक्टरचा पंखासुद्धा मौनात गिरणीसारखा ऐकू येतो. विपश्यनेसारख्या शिबिरांत तर हा उद्योग करूच नये. त्यांच्या नियमात तो बसत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: जर्मनीत चित्रांच्या विम्याला ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ म्हणतात. कलावंताच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथं लागेपर्यंतची जोखीम त्यात येते. आपल्याकडं असा विमा नाही जमला तरी आणताना चार कोपरे आणि मागची बाजू यांचे फोटो काढून दोघांनी सह्या कराव्यात.

चित्रं लावायची ती दोन शिबिरांच्या मधल्या दिवशी, आणि उतरवायची शेवटचा माणूस वळकटी बांधून गेल्यावर. शेवटच्या सकाळी घाई करून एखादं चित्र आधीच काढलं, तर लोक निरोपाच्या बैठकीत त्या रिकाम्या खिळ्याकडंच बघत राहतात.