घोटी ते कळसूबाई: आधी सायकल, मग शिड्या, मग भंडारदऱ्याचं पाणी

कळसूबाईच्या माथ्यापर्यंत सायकल जात नाही. ती पायथ्याच्या बारी गावात ठेवायची आणि पुढे पायी जायचं. तरीही घोटीहून बारीपर्यंत सायकलने जाऊन शिखर करण्यात जी मजा आहे ती गाडीने येण्यात नाही, कारण १६४६ मीटरचा हा डोंगर आदल्या दिवशी दुपारपासून समोर वाढत जाताना दिसतो. हा बेत मी दोन दिवसांचा करतो. एका दिवसात उरकायचा म्हटलं तर फसतो, आणि का फसतो ते पुढे सांगतो.

सायकल घोटीपर्यंत आणायची तर गाडीच्या रॅकवरून आणणं सर्वात सोपं. रेल्वेने आणायची असेल तर ब्रेक व्हॅनमध्ये पार्सल म्हणून बुक करावी लागते. ती सोय नेमकी कोणत्या गाडीला आणि कोणत्या स्टेशनावर आहे हे आधी पार्सल ऑफिसात विचारून घ्यावं. कसाऱ्याला उतरून घाट सायकलने चढणारे आहेत. ट्रकांची रांग पाहता अंधारात तो घाट मी कुणालाच सुचवणार नाही.

घोटी ते बारी अंतर पंचवीसेक किलोमीटर. दुपारी दोनला निघालं तरी उजेडात पोचता येतं. सुरुवातीचा रस्ता भातखाचरांमधून चढ-उतारांचा आहे, खरा चढ बारीच्या अलीकडच्या घाटात. इथेच सगळ्यात मोठी चूक होते: पाय ताजे असतात, सोबत्याच्या मागे राहवत नाही, आणि माणूस जड गिअरवर उभा राहून पेडल मारतो. मांडीचे जे स्नायू त्यात खर्ची पडतात तेच दुसऱ्या दिवशी उतरताना लागणार असतात. पुढच्या चक्रीला २२ दात, मागच्या चक्रीला ३४ दात आणि २९ इंची चाक असेल तर पेडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण दीड मीटर पुढे जाते. मिनिटाला सत्तर फेरे धरले तर ताशी सव्वासहा किलोमीटर. हा वेग चालण्यापेक्षा जरासाच जास्त आहे आणि तोच हवा. श्वास लागला तरी एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर गिअर जड आहे. हायब्रिडला पुढे २८ आणि मागे ३४ असेल तरी घाट निघतो, एकाच गिअरची सिंगल स्पीड सायकल मात्र आणू नका.

सामान वीस लिटरच्या एकाच सॅकमध्ये बसवायचं. सायकलवर असताना ती कॅरियरला बंजी कॉर्डने बांधायची, पाठीवर नको. पाठ दुसऱ्या दिवसासाठी राखायची. कॅरियरचे बोल्ट चार नंबरच्या ॲलन कीने निघण्यापूर्वी आवळायचे, आणि बारीला पोचल्यावर पुन्हा बघायचे. खड्ड्यांच्या हादऱ्याने हेच बोल्ट सर्वात आधी सैल होतात.

पंक्चर दोन गोष्टींनी होतं, बाभळीच्या काट्याने आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या बारीक तारेने. काटा दिसतो. तार दिसत नाही, म्हणून ट्यूब बदलली तरी पाच किलोमीटरवर पुन्हा हवा जाते. यावर उपाय म्हणजे कापसाचा बोळा. टायर काढल्यावर तो टायरच्या आतून हळूहळू पूर्ण गोल फिरवायचा. तार असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. मग नखाने किंवा चिमट्याने ती आतल्या बाजूने ओढून काढायची. पॅच लावायचा तर ट्यूब घासून, सोल्युशन लावून चार-पाच मिनिटं थांबायचं. ओली चमक जाऊन बोटाला नुसता चिकटपणा लागला की मगच पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच उन्हात सुटतो. मी रस्त्यात ट्यूब बदलतो आणि पॅचचं काम मुक्कामी करतो. हवा २.१ इंची टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय, ३८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५ ते ६०.

पेडल साधे सपाट हवेत. क्लीटचे, म्हणजे तळव्याच्या खाचेने पेडलमध्ये अडकणारे बूट आणले तर चालण्यासाठी दुसरा जोड वाहावा लागतो, आणि क्लीट घालून कातळावर पाय टिकत नाही.

बारीत घरगुती मुक्काम मिळतो. जेवण आणि सकाळचा चहा आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवावा. सायकल त्यांच्याच पडवीत कुलूप लावून ठेवायची. दिवे आणि पंप काढून घ्यायचे.

बारीहून माथ्यापर्यंत साडेआठशे ते नऊशे मीटरची चढाई आहे. सावकाश तीन ते साडेतीन तास, उतरायला अडीच. पहाटे पाचला निघायचं, प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च, हातात काही नको, कारण शिड्यांवर दोन्ही हात लागतात. माणशी दोन लिटर पाणी, शिवाय ओआरएसचं एक लिटरचं पाकीट. ते पूर्ण एक लिटरमध्येच मिसळायचं. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट केलं तर पोटात ढवळतं. सुट्टीच्या दिवशी वाटेवर लिंबू सरबत आणि काकडी मिळते, इतर दिवशी त्यावर विसंबू नये. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिचं पाणी गाळून, औषध टाकूनच प्यावं. खाणं उघड्यावर काढून ठेवलं की माकडं येतात, सॅकची चेन बंद ठेवा.

शिड्या लोखंडी आहेत आणि भक्कम आहेत. अडचण होते ती दवाची. पहाटे पायऱ्यांवर दव असतं आणि बुटाच्या तळव्याला माती, ही जोडी घसरवते. शिडीवर चढण्याआधी तळवा दगडावर घासून घ्या, पायरीवर पायाचा मधला भाग ठेवा, उतरताना तोंड शिडीकडेच. रविवारी नऊनंतर इथे रांग लागते आणि उतरणाऱ्यांना वाट मिळत नाही, म्हणून मी शनिवार-रविवार टाळतो. नवरात्रात यात्रा असते, तेव्हा तर भाविकांचा डोंगर आहे तो, ट्रेकरने बाजूला राहावं.

माथ्यावर देवीचं छोटं मंदिर. बारीपेक्षा इथे पाच-सहा अंशांनी गारवा जास्त, वर वारा. घामाने भिजलेला शर्ट लगेच बदलून विंडचीटर घालावा. दक्षिणेला सुमारे नऊशे मीटर खाली भंडारदऱ्याचा जलाशय पसरलेला दिसतो, त्याच्या मागे रतनगड आणि त्याचा खुट्टा नावाचा सुळका. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. नोव्हेंबर ते जानेवारीत सूर्योदयाला पाण्यावर धुकं असतं, तळं दिसतच नाही, आणि लोक फोटो काढून निघून जातात. साडेआठ-नऊपर्यंत थांबा. धुकं आधी धरणाच्या भिंतीकडून फाटतं, मग एकेक फाटा उघडतो, आणि शेवटी डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं पाणी पूर्ण दिसतं. तळं भरलेलं बघायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. मे महिन्यात पाणी आटून कडेला मातीचा पट्टा उघडा पडतो, आणि जुलैत वर नुसते ढग.

उतरताना स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलत असतात. यात दम लागत नाही, म्हणून थकवा कळत नाही, पण खाली आल्यावर मांड्या थरथरतात. एका दिवसाचा बेत इथे फसतो: अशा पायांनी दुपारी लगेच परतीला निघालं की पेटके येतात, आणि शिड्या धरून दमलेल्या पंज्यात घाटात ब्रेक दाबायची ताकद उरत नाही. दीड-दोन तास विश्रांती, पिठलं-भाकरी, भरपूर पाणी, मगच सायकल. पहिली वीस मिनिटं सर्वात हलका गिअर.

मी त्या दुपारी घोटीला न परतता भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाला जातो. तासाच्या आत पोचतो. प्रवरेवरचं हे भंडारदऱ्याचं धरण, म्हणजेच विल्सन धरण, १९२६ मध्ये पूर्ण झालं, क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट; सकाळी वरून बोटाएवढी दिसलेली भिंत इथे समोर ८२ मीटर उंच उभी असते. ज्यांच्याकडे तिसरा दिवस आहे त्यांनी शेंडीला मुक्काम करून तळ्याची फेरी करावी: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि परत शेंडी. साम्रद ते रतनवाडी या टप्प्याच्या रस्त्याची अवस्था शेंडीत आदल्या रात्री विचारून घ्या. सकाळी सहाला निघालात तर घाटघरच्या कोकणकड्यावर वारा वाढायच्या आत पोचता, आणि रतनवाडीला अमृतेश्वराच्या मंदिरात ऊन चढायच्या आधी. पंक्चर काढणारं दुकान या फेरीत शेंडी सोडल्यावर धरून चालू नका, दोन ट्यूब जवळ हव्यात.