उन्हाच्या मागे मागे: फेब्रुवारीतली स्केचवही

मागच्या नोंदीत फुशारकी मारली होती की थंडी सरायच्या आत दक्षिण मुंबईतल्या दहा इमारती जागेवर बसून रंगवीन. झाल्या सहा. त्यातल्या दोन चारचौघांत दाखवण्यासारख्या, एक फक्त आईला दाखवण्यासारखी, आणि उरलेल्या तीन पानांच्या पाठीवर मी आता रंग तपासून बघते.

मुंबईच्या थंडीला पुणेकर हसतात, हसू देत. फुटपाथवर घडीचं स्टूल टाकून तीन तास बसायचं असेल तर त्यासाठी हेच दोन-अडीच महिने. मार्च अर्धा उलटला की मानेवरून ओघळलेला घाम थेट कागदावर. पण घाम हे निम्मंच कारण. उरलेलं निम्मं मला या वर्षी कळलं, तेही चूक करून.

पहिला रविवार, ओव्हल मैदान. मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणून डोंबिवलीहून सहाची लोकल धरली आणि साडेसातला मैदानात ठाण मांडलं. समोर राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आपल्या आईचं नाव द्यायला लावलं, तोच हा टॉवर. १८७८ साली पूर्ण झाला, उंची २८० फूट. आराखडा गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून केला; तो स्वतः कधी मुंबईला आलाच नाही. मी मात्र समोर बसूनही दीड तासात जे काढलं ती एक काळपट सुरळी होती, वर टोपी घातलेली. खिडक्या नाहीत, नक्षी नाही, काही नाही. आधी वाटलं हाताला सवय राहिली नाही. मग वाटलं चष्म्याचा नंबर वाढला.

रोज फिरायला येणारे एक आजोबा मागे उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "बाई, चित्र चांगलंय, पण तुम्ही उन्हाकडे तोंड करून बसलात. जरा वळून बघा की."

वळले. महर्षी कर्वे मार्गावरची आर्ट डेको इमारतींची अख्खी रांग कोवळ्या उन्हात न्हात होती.

इतकी साधी गोष्ट, आणि मी पंधरा वर्षं या मैदानावरून ये-जा करते. ओव्हलच्या पूर्वेला विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, एकोणिसाव्या शतकातलं गॉथिक. पश्चिमेला बॅकबेच्या भरावावर १९३० च्या दशकात उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही मिळून एकच वारसास्थळ जाहीर केलं. मैदानात उभं राहिलं तर सकाळी डेकोवर ऊन आणि गॉथिक काळोखात, दुपारी तीननंतर बरोब्बर उलट. म्हणजे जागा तीच, स्टूल तेच, फक्त पाठ फिरवायची. त्या दिवशी मी सकाळी डेको काढलं, मधे चर्चगेटला जाऊन इडली खाल्ली, इरॉस सिनेमागृहाकडे (१९३८) जरा टक लावून पाहिलं आणि चार वाजता परत येऊन टॉवर काढला. या खेपेला खिडक्या दिसल्या.

तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर यादी केली आहे, इमारतीच्या नावापुढे फक्त तोंड कुठल्या दिशेला ते. सीएसएमटी पश्चिमेला, म्हणून दुपारनंतर. एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल पश्चिमेला, दुपारनंतर. प्रसिद्ध काय आहे ते बघून जागा निवडायचं मी सोडलं आहे.

आता ते दुसरं कारण. मुंबई १९ अंश अक्षांशावर. मध्य फेब्रुवारीत भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ५८-५९ अंशांवर असतो, तोही दक्षिणेकडे कललेला. त्यामुळे प्रत्येक छज्जा, प्रत्येक कोनाडा, कमानीतलं प्रत्येक पान आपापली तिरकी सावली टाकतं आणि दगडातलं कोरीवकाम वाचता येतं. मेच्या मध्यावर तोच सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. तेव्हा भर दुपारी छज्जाची सावली भिंतीवर सरळ खाली लोंबते, दिवसभर प्रकाश पांढराफटक, आणि चित्र काढायला गेलं तर इमारत पोस्टाच्या पाकिटासारखी सपाट दिसते. गेल्या उन्हाळ्यातली माझी सगळी पानं मेली का दिसतात हे कोडं असं सुटलं.

यातून पद्धतच बदलली. आधी मी रेषा पूर्ण करून मग सावल्या भरत असे. तोवर तासभर गेलेला आणि सावली सरकलेली. डावीकडच्या खिडक्या दहाच्या उन्हातल्या, उजवीकडच्या अकराच्या. आता बसल्या बसल्या पहिली दहा मिनिटं फक्त सावल्यांच्या कडा पेन्सिलीने टिपते, बाजूला वेळ लिहिते आणि मग ऊन कुठेही जावो, तिकडे बघायचं नाही. डेकोच्या इमारतींवर हे फार छान जमतं. खिडक्यांवरून लांबलचक फिरलेले ते छज्जे म्हणजे भुवयाच. भुवईखालची निळसर पट्टी एका दमात ओढली की अर्धी इमारत उभी. बाकी भिंत जवळजवळ कोरीच ठेवायची. हात शिवशिवतो, पण ठेवायची.

दुसरा रविवार काळा घोडा. महोत्सवाच्या गर्दीत इमारत काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून माणसं काढली. इथे एक युक्ती लिहून ठेवते, नव्यांना उपयोगी पडेल. आपण उभे असलो तर सपाट जमिनीवरच्या सगळ्या मोठ्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेवर येतात, जवळचा असो की लांबचा. फरक फक्त पायांत. जवळच्याचे पाय खाली, लांबच्याचे वर. क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते म्हणून. पण स्टुलावर बसलात की तीच रेषा उभ्या माणसांच्या कमरेजवळून जाते, आणि मग जवळच्याचं डोकं उंच चढतं. मी स्टुलावर बसून डोकी एका रेषेत मांडली होती. परिणाम असा की पुढची माणसं गुडघाभर खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसतात. ते पान मी फाडलेलं नाही, बघून हसू येतं.

ज्याच्यावरून नाव पडलं तो मूळ घोडा, सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला, १९६५ साली राणीच्या बागेत गेला. चौकात २०१७ पासून दुसरा उभा आहे, त्याच्या पाठीवर कोणी नाही. मला हा जास्त आवडतो. काढायलाही सोपा, स्वार नाही ना.

गर्दी ओसरल्यावर शेजारची डेव्हिड ससून लायब्ररी (१८७०) केली आणि इथे रंगाचा साक्षात्कार झाला. इतके दिवस "जुनी इमारत" म्हटलं की मी एकच मातकट तपकिरी मिश्रण फासत होते. ही इमारत मालाडच्या पिवळ्या दगडाची. पलीकडच्या वस्तुसंग्रहालयात कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड दोन्ही आहेत. गेटवे (१९२४) पिवळ्या बेसॉल्टचा. फ्लोरा फाउंटन (१८६४) इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडाचं, म्हणून ते असं फिकट, परकं दिसतं. म्हणजे रेल्वेच्या पाट्यांवर वाचतो ती गावंच या भिंतींमध्ये आहेत. सध्याचं माझं गणित: मालाडला यलो ओकरचा पातळ हात, तो वाळला की सावलीत जांभळट करडा. कुर्ल्याला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, पण पॅलेटवर पूर्ण न घोटता, कागदावरच एकमेकांत सोडायचे. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आयता मिळतो. अर्थात कोल्ड प्रेस, म्हणजे खरखरीत पोताचा कागद हवा. गुळगुळीत कागदावर ही गंमत होत नाही.

वाळण्याबद्दल दोन शब्द, कारण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट हात, अर्धा अर्धा तास ओलाच राहायचा. फेब्रुवारीच्या सकाळी उलटं दुखणं: जमिनीकडून येणारा कोरडा वारा रंगाची कड बघता बघता पकडतो, आणि आभाळात पाण्याचे डाग उमटतात. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ते चाळिशीनंतर असे कामी आले. आता आभाळ असेल तर आधी कागद स्वच्छ पाण्याने दोनदा ओला करते, रंग नेहमीच्या दुप्पट कालवून ठेवते आणि मोठ्या ब्रशने एका झटक्यात संपवते. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की पुन्हा निवांत. धुरकं मात्र आहेच. फुप्फुसांना वाईट, चित्राला बरं. लांबच्या इमारती आपोआप फिक्या निळसर होतात, मला काही करावं लागत नाही.

तिसरा रविवार शिवडी. इमारतींचा कंटाळा आला होता. भरती-ओहोटीचं वेळापत्रक न बघता गेले आणि पोचले तेव्हा नेमकी ओहोटी. रोहित पक्षी चिखलाच्या पार पलीकडच्या टोकाला, गुलाबी रंगाची एक पुसट रेघ. भरती चढायला लागल्यावर पाण्याबरोबर ते काठाकडे सरकतात, तोवर अडीच तास बसून शेंगदाणे खाल्ले. जवळ आले तेव्हा कळलं की हे मॉडेल स्थिर राहत नाही. पंधरा पंधरा सेकंदांची चित्रं काढली, वीसेक. त्यांचा पाय मागे मुडपतो तो गुडघा नाही, घोटा आहे, हे लक्षात ठेवलं की पाय चुकत नाहीत. छोट्या रोहितची चोच गडद, काळपट लाल. मोठ्याची गुलाबी, टोकाला काळी. आणि चोच उलटी करून चिखल गाळतात ती मान मराठी २ च्या आकड्यासारखी सुरू करायची. वीसपैकी तीन पक्षी ओळखू येतात. बाकीच्यांना मुलाने "छत्र्या" म्हटलं.

चौथ्या रविवारी आधी एका बँकेच्या इमारतीसमोर बसले होते. सुरक्षारक्षक आला, वही पाहिली, म्हणाला, "मॅडम, फोटो काढायला मनाई आहे." मी म्हटलं, फोटो नाही, चित्र आहे. तो विचारात पडला. मग म्हणाला, "तेच जास्त वेळ घेतं." उठले.

तिथून पुन्हा ओव्हल. चौथा कप चहा आणि चार वाजताचं ऊन. चेंडू दोनदा स्टुलाखाली आला. दुसऱ्यांदा घ्यायला आलेला दहाएक वर्षांचा पोरगा वहीत डोकावून म्हणाला, "आंटी, मला पण काढा ना. बॅटिंग करताना." त्याला गोलंदाज काढलं, कारण बॅट काढायला मला येत नाही. तो खूश झाला नाही.

शेवटच्या दीड तासात एशियाटिक. १८३३ चा टाउन हॉल, पुढे डोरिक खांबांची ओळ, खाली पायऱ्यांचा डोंगर. हॉर्निमन सर्कलच्या बाजूने बसले, सावल्या आधी टिपल्या, वेळ लिहिली ५.०५, खांबांच्या उजव्या अंगाला ऊन आणि डाव्याला थंड करडा, अगदी हवं तसं उतरलं. या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पान. सूर्य पावणेसातला मावळला, वही मिटली, लोकलमध्ये विंडो सीट मिळाली. मस्जिद गेल्यावर वही पुन्हा उघडली आणि खांब मोजले.

खांब आठ आहेत. मी सात काढलेत.

पुढच्या रविवारी, तीन वाजता, त्याच जागी.