एका वारेवर दोघी

गणपतीच्या दिवसांत, आठव्या आठवड्याच्या पहिल्या सोनोग्राफीत, जुळे असल्याचे आम्हाला कळले. त्या अहवालात ‘दोन गर्भ, दोन्हींचे ठोके नियमित’ एवढेच लिहिलेले होते आणि आम्हीही त्यापलीकडे काही विचारले नाही, कारण विचारण्यासारखे आणखी काही असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. नाशिकच्या पंचवटीत आमच्या शेजारच्या काकूंनी “लव-कुश येणार बघ” म्हणत हातावर साखर ठेवली आणि महिनाभर घरात आनंदाखेरीज दुसरे काही नव्हते.

बाराव्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या फीटल मेडिसिन, म्हणजे गर्भातल्या बाळांवरील उपचारांच्या, तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी बाळांकडे पाहण्याआधी दोघांमधला पडदा शोधला. तो पडदा वारेला, म्हणजे बाळांना आईकडून पोषण पुरवणाऱ्या प्लॅसेंटाला, जिथे मिळतो ती जागा त्यांनी बराच वेळ पाहिली. प्रत्येक बाळाची वार वेगळी असती तर तिथे वारेचा लहानसा त्रिकोणी उंचवटा पडद्यात शिरलेला दिसला असता. आमच्या बाबतीत पातळ पडदा इंग्रजी टी अक्षरासारखा सरळ येऊन टेकला होता. “वार एकच आहे, पिशव्या दोन आहेत,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही आत्ता आलात हे बरं झालं. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात हे जितकं स्पष्ट दिसतं, तितकं नंतर दिसत नाही.”

एकच फलित बीज दुभंगून एकसारखी जुळी होतात, हे शाळेत शिकले होते. पण ते बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगले तर दोन्ही बाळांना स्वतंत्र वार मिळते आणि त्यानंतर दुभंगले तर दोघांना एकाच वारेवर वाढावे लागते, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे ७० टक्के अशी एका वारेवर वाढतात. अशा वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा एकमेकींना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण समतोल राहिली तर काही बिघडत नाही, पण ती एकतर्फी झाली की एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जात राहते. देणाऱ्या बाळाची लघवी कमी होते, म्हणून त्याच्या पिशवीतले पाणी आटते. घेणाऱ्याची लघवी वाढते, म्हणून त्याच्याकडे पाणी साचते आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. याला ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम म्हणतात आणि एका वारेवरच्या जुळ्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये तो उद्भवतो.

पहिल्या सोनोग्राफी केंद्राने वारेबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता, याचा राग मला पुष्कळ दिवस होता आणि अजूनही थोडा आहे. ज्यांना जुळे असल्याचे नुकतेच कळले आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की वार एक आहे की दोन, हे चौदावा आठवडा संपण्याच्या आत विचारावे आणि अहवालात लिहून घ्यावे. बाळे सारखी दिसतील का, यापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे, कारण पुढच्या सगळ्या तपासण्यांचे वेळापत्रक त्याच्या उत्तरावर ठरते.

आमचे वेळापत्रक सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी असे ठरले. दिवाळी झाली आणि आमचे आयुष्य पंधरवड्यांत मोजले जाऊ लागले. प्रत्येक वेळी गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार ‘फॉर्म एफ’ भरायचा, त्यावर सही करायची आणि मशीनच्या पडद्याकडे बघत पडून राहायचे. लिंग कळणार नव्हते आणि जाणून घ्यायचेही नव्हते. जे असेल ते दोघांचे एकच असेल, इतके मात्र माहीत होते. त्यामुळे घरात आम्ही त्यांना जागेवरून हाक मारू लागलो: खालचे आणि वरचे. सासूबाई सकाळी विचारायच्या, “खालचं हललं का गं आज?”

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. मोजमापांची नोंद ठेवणे आणि आकडा मर्यादेच्या किती जवळ आला आहे ते पाहणे, हेच माझे रोजचे काम आहे. पहिले दोन पंधरवडे मी रात्री-रात्री मोबाइलवर वाचत बसले आणि त्या वाचनाने माझी झोप गेली, कारण तिथे जगातली प्रत्येक वाईट गोष्ट भेटत होती, पण माझ्या पोटात काय चालले आहे ते कुठेच नव्हते. मग मी एक वही केली. प्रत्येक सोनोग्राफीनंतर त्या वहीत दोन्ही पिशव्यांतले सर्वांत खोल पाणी, दोघांची मूत्राशये दिसली की नाही, दोघांची अंदाजे वजने, नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर (प्रवाह मोजणारी सोनोग्राफी) आणि विसाव्या आठवड्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीतला रक्ताचा वेग लिहायचा. शेवटची नोंद टॅप्स नावाच्या गुंतागुंतीसाठी असते. तिच्यात पाण्यात फरक न पडताही एका बाळाला रक्तक्षय होतो आणि दुसऱ्याचे रक्त दाट होते. वाचायचे काम नवऱ्याने स्वतःकडे घेतले आणि मला सांगायचे ते फक्त प्रश्नाच्या रूपात, डॉक्टरांसमोर, असे आम्ही ठरवले. आमचा सर्वांत उपयोगी ठरलेला प्रश्न होता, “कोणता आकडा दिसला तर तुम्ही स्वतः काळजीत पडाल?” डॉक्टरांनी कागदावर उत्तर लिहून दिले: एका पिशवीत पाणी २ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि त्याच वेळी दुसरीत ८ पेक्षा जास्त. त्याखाली त्यांनी असेही लिहिले की पोट अचानक ताणल्यासारखे झाले, दम लागू लागला किंवा हालचाल कमी वाटली, तर तारखेची वाट न पाहता यायचे. त्या कागदानंतर मला झोप लागू लागली. भीती गेली नव्हती, पण तिला आता सीमा होती.

एकोणिसाव्या आठवड्यात खालच्याचे पाणी २.४ आणि वरच्याचे ७.६ निघाले.

त्या दिवशी डॉक्टर फार बोलल्या नाहीत. खालच्या बाळाचे मूत्राशय दिसेपर्यंत त्या वीस मिनिटे थांबल्या आणि ते भरलेले दिसल्यावर त्यांनी मला दोनदा दाखवले. रुबेन किंटेरो या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजनच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांतल्या पहिल्या पायरीत पाण्याचा फरक असतो पण देणाऱ्याचे मूत्राशय दिसते, आणि दुसरीत ते दिसेनासे होते. आम्ही पहिल्या पायरीच्याही अलीकडे होतो, परंतु पुढची सोनोग्राफी पंधरा दिवसांऐवजी चार दिवसांनी ठरली आणि मुंबईला यावर लेझरने उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना एकदा भेटून यावे असे सुचवले गेले.

रात्री सासऱ्यांना सगळे समजावून सांगितले. त्यांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि नोव्हेंबर असल्याने ऑक्टोबर छाटणीनंतरच्या घडांची विरळणी चालू होती. एका वारेवर दोन बाळे आणि दोघांना सारखे मिळत नाही, हे त्यांना माझ्याहून लवकर उमजले. “म्हणजे एका काडीवर दोन घड,” ते म्हणाले आणि मग एकदम गप्प झाले. बागाईतदार अशा वेळी काय करतो हे आम्हा दोघांनाही माहीत होते. ते उठून अंगणात गेले आणि त्यानंतर त्यांनी ती उपमा कधीही वापरली नाही.

मुंबईला जाताना कसारा घाटाची मला धास्ती होती, परंतु समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झालेला असल्याने तो टळला. तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास नुसते समजावण्यात घालवला. आईच्या पोटातून बारीक दुर्बीण गर्भजलात नेतात, वारेवर दोन्ही बाळांना जोडणाऱ्या वाहिन्या शोधून लेझरने बंद करतात. हा उपचार साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात केला जातो. पूर्वी सुईने जास्तीचे पाणी काढत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. लेझरनंतर किमान एक बाळ वाचण्याचे प्रमाण ७६ टक्के होते, पाणी काढल्यानंतर ५६ टक्के. ‘किमान एक’ हे शब्द ऐकताना माझा हात आपोआप पोटाच्या खालच्या बाजूला गेला. डॉक्टरांनी ते पाहिले असावे, कारण त्यांनी लगेच सांगितले की आज लेझरची गरज नाही आणि असे फरक पुष्कळदा तिथेच थांबतात.

आमचा फरक थांबला. चार दिवसांनी २.७ आणि ७.१, मग ३.२ आणि ६.५. बाविसाव्या आठवड्याची ती नोंद करताना माझे अक्षर वहीत वाकडेतिकडे आले आहे.

नंतर दुसरी काळजी उभी राहिली. पाणी सावरले, पण खालच्या बाळाची वाढ मागे पडू लागली. वारेचा वाटा दोघांना सारखा मिळालेला नसला की असे होते. नाळेतला रक्तप्रवाह मात्र चांगला राहिला, म्हणून त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. या काळातली एक गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण नको, सगळे नीट पार पडल्यावर पाहू, असे मी म्हणत होते. काही विपरीत झाले तर ते फुलांच्या दागिन्यांतले फोटो मला आयुष्यभर बघवले नसते. सासूबाई म्हणाल्या, “बाळा, आज ती दोघं आहेत ना? मग त्यांचं कौतुक आजच व्हायला हवं. पुढचं पुढे.” घरातल्या घरात, बारा माणसांत, डोहाळजेवण झाले. मी त्या दिवशी प्रथमच दोघांसाठी आनंदाने रडले, आणि आता वाटते की चांगली बातमी येईपर्यंत प्रेम राखून ठेवणे हे माझे चुकतच होते.

एका वारेच्या निर्वेध जुळ्यांनाही साधारण छत्तिसाव्या आठवड्याच्या पुढे फार थांबवत नाहीत. आमच्या खालच्या बाळाची वाढ चौतिसाव्या आठवड्यात जवळजवळ थांबली, तेव्हा बाळांच्या फुफ्फुसांसाठी मला बीटामेथासोनची दोन इंजेक्शने चोवीस तासांच्या अंतराने दिली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सिझर झाले. दोन्ही मुली. वरची २ किलो ५० ग्रॅम, खालची १ किलो ६१० ग्रॅम. दोघींचे हिमोग्लोबिन लगेच तपासले आणि त्यात काळजीचा फरक नव्हता.

वार बघायची आहे, असे मी आधीच सांगून ठेवले होते. डॉक्टरांनी तिचा फोटो काढून नंतर दाखवला. एक नाळ बरोबर मध्यभागी रुजलेली होती आणि दुसरी अगदी काठाला, जेमतेम चिकटल्यासारखी. सासऱ्यांनी तो फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला. “इथनं जगली ही?” एवढेच त्यांनी विचारले.

खालचीला, म्हणजे आमच्या धाकटीला, एकोणीस दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवले. त्यांतले शेवटचे अकरा दिवस ती रोज काही तास माझ्या छातीशी, कांगारू पद्धतीने, उघड्या अंगाने झोपत असे. रात्री सासूबाई आणि नवरा पाळीपाळीने तिला घेत. माझी प्रसूती रजा २६ आठवड्यांची होती आणि तिचा काही भाग मी जन्माआधीच वापरला होता. तो निर्णय बरोबर होता.

आपल्याकडे जन्मवजन २ किलोंपेक्षा कमी असलेल्या बाळांचे डोळ्यांचे पडदे पहिल्या महिन्यातच तपासतात, म्हणून धाकटीची तपासणी पंचविसाव्या दिवशी झाली. पडद्याची वाढ पूर्ण होईपर्यंत पुन्हा यायला सांगितले आहे आणि पुढची तारीख येत्या गुरुवारची आहे. वही तीच चालू आहे. काल तिच्यात धाकटीचे वजन २ किलो ३०० लिहिले.