मैदान कुणाच्या नावावर

गुरुवार, रात्री उशिरा

आज दिवसभर डोक्यात डार्लिंग्टनच घोळतंय. इंग्लंडच्या ईशान्येकडचा छोटा फुटबॉल क्लब, 1883 पासून फीदम्स नावाच्या ग्राउंडवर खेळायचे, अगदी शहराच्या मध्यातलं ग्राउंड, शनिवारी लोक चालत यायचे. मग तेव्हाच्या मालकाच्या मनात आलं की आपला क्लब मोठा होणार, तर स्टेडियम आधीच मोठं पाहिजे, आणि 2003 मध्ये शहराच्या कडेला 25,000 सीटांचं स्टेडियम उभं राहिलं. चौथ्या डिव्हिजनचा क्लब! मॅचला येणार काही हजार माणसं, बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांचाही मेंटेनन्स असतो, लाइट असते, सिक्युरिटी असते. पहिल्याच सीझनमध्ये क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या हातात गेला, मग सावरला, परत गेला, असं करत करत 2012 मध्ये पार खलास. फॅन लोकांनीच नव्याने उभा केला आणि इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत थेट नवव्या पातळीवरून सुरुवात केली, तीही दुसऱ्याच गावात, बिशप ऑकलंडमध्ये भाड्याने.

मला खरा चटका लागतो तो पुढच्या गोष्टीचा. 2016 च्या शेवटी ते एकदाचे आपल्या शहरात परतले, रग्बी क्लबच्या मैदानावर का होईना, आणि 2017 मध्ये मैदानावर कमावलेली प्ले-ऑफची, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीच्या मॅचची, जागा त्यांना मिळाली नाही. कारण काय, तर छपराखाली 500 सीट पाहिजेत असा नियम, आणि तेवढ्या नव्हत्या. ज्या क्लबकडे एके काळी 25,000 सीट होत्या त्याची गाडी 500 सीटांवर अडली. पोरं सीझनभर धावली, पाचव्या नंबरवर आली, आणि निकाल लागला खुर्च्या मोजून.

हे नवीन नाही म्हणा. किडरमिन्स्टर 1994, मॅकल्सफील्ड 1995, स्टीव्हनेज 1996, सलग तीन वर्षं पाचव्या पातळीवरचे चॅम्पियन वर जाऊ शकले नाहीत, ग्राउंड नियमात बसत नाही म्हणून. नियम का आहेत ते कळतं मला. हिल्सबरो स्टेडियममध्ये 1989 ला चेंगराचेंगरीत 97 माणसं गेली, त्यानंतर सुरक्षेबाबत कुणी हलगर्जी करावी असं कोण म्हणेल. पण छोट्या क्लबसाठी त्याचा अर्थ असा होतो की टीम चांगली झाली की लगेच ग्राउंड कमी पडायला लागतं, आणि ग्राउंड वाढवायचं तर पैसा पाहिजे, पैसा यायला वर जायला पाहिजे, वर जायला ग्राउंड पाहिजे. म्हणून मग "नवीन जागा शोधू" हे सुरू होतं, आणि तिथे बहुतेकांच्या नाकी नऊ येतात.

दुपारी एका मित्राशी यावरूनच बोलणं झालं. तो म्हणाला, अरे छोटा क्लब तो, अकरा जण इकडे अकरा जण तिकडे, कुठलंही मैदान चालेल की, एवढं काय रडायचं. मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही कारण ऑफिसची घाई होती, म्हणून इथे लिहितोय. प्रश्न मैदान कसं आहे हा नसतोच रे. मैदान कुणाच्या नावावर आहे हा असतो. सात-बारा ज्याच्या हातात, क्लबचा जीव त्याच्या हातात.

ब्रायटनचं बघ. आज प्रीमियर लीगमध्ये बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण 1997 मध्ये हा क्लब चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी होता आणि गोल्डस्टोन ग्राउंड, जिथे ते 1902 पासून खेळत होते, ते डायरेक्टर लोकांनी आधीच विकून टाकलं होतं, पुढे कुठे खेळणार याचा पत्ता नसताना. तिथे दुकानांचं कॉम्प्लेक्स झालं. 26 एप्रिलला डॉनकास्टरविरुद्ध शेवटची मॅच, 1-0 जिंकले, आणि शिट्टी वाजल्यावर लोक मैदानात उतरून गवताचे तुकडे उपटून घेऊन गेले, खुर्च्या, पाट्या, गोलपोस्टचे तुकडे, जे हाताला लागेल ते. पुढच्या शनिवारी हेरफोर्डला 1-1 करून जेमतेम फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनमध्ये, टिकले. नंतर दोन वर्षं 'होम' मॅच जिलिंगहॅमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून घरच्या मॅचला जायचं!

मग 1999 ला विथडीन. हे खरं तर अॅथलेटिक्सचं ग्राउंड, मैदानाभोवती धावायचा ट्रॅक, त्यापलीकडे तात्पुरते स्टँड, बऱ्याच सीटांवर छप्पर नाही, पाऊस आला की भिजायचं, आणि ट्रॅकमुळे गोल इतका लांब की पलीकडच्या गोलपाशी काय झालं ते आवाजावरून ओळखायचं. आजूबाजूला राहणाऱ्यांना ट्रॅफिक आणि आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कडक अटी, पार्किंगला बंदी, म्हणून तिकिटातच बस-ट्रेनचा प्रवास धरलेला. तात्पुरती सोय म्हणून गेलेले, राहिले बारा वर्षं. नव्या स्टेडियमसाठी शहराच्या कडेची फाल्मरची जागा ठरली होती, पण आधी चौकशी, मग दुसरी चौकशी, 2005 ला मंत्र्यांची मंजुरी, त्यावर कोर्ट, परत 2007 ला मंजुरी, तेव्हा कुठे काम सुरू होऊन 2011 ला स्टेडियम उघडलं. गोल्डस्टोन सुटल्यापासून चौदा वर्षं. त्या चौदा वर्षांत फॅन लोकांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, सरकारी ऑफिसात चपला झिजवल्या. मला खेळाडूंपेक्षा ही माणसं जास्त मोठी वाटतात, अगदी मनापासून सांगतो.

विम्बल्डनची, म्हणजे टेनिसची नव्हे, लंडनच्या त्या फुटबॉल क्लबची गोष्ट तर मी कितीदा वाचलीय. 1991 मध्ये आपलं ग्राउंड, प्लाउ लेन, सोडलं कारण हिल्सबरोनंतरच्या नियमांत ते बसवणं परवडणार नव्हतं, मग सेलहर्स्ट पार्कला क्रिस्टल पॅलेसचे भाडेकरू, आणि 2002 च्या मे महिन्यात तीन जणांच्या कमिशनने क्लबला लंडनबाहेर दूर मिल्टन कीन्स शहरात न्यायला परवानगी दिली. फॅन लोकांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर ट्रायल घेतली, दोनशेच्या वर पोरं आली. नवव्या पातळीवरून नऊ वर्षांत लीगमध्ये. आणि नोव्हेंबर 2020 ला परत प्लाउ लेनवर, जुन्या ग्राउंडपासून चालत अगदी थोड्या अंतरावर. जुन्या ग्राउंडच्या जागी फ्लॅट झालेत, त्या इमारतींना क्लबच्या जुन्या लोकांची नावं दिलीत. रेनॉल्ड्स गेट हे कॉम्प्लेक्सचं नाव, तो एडी रेनॉल्ड्स ज्याने 1963 च्या अॅमेच्युअर कपच्या फायनलला चार गोल केले, चारही हेडर. इमारतीत राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

नव्या स्टेडियमला पैसे कमी पडले तेव्हा सोपा रस्ता होता, बाहेरच्या श्रीमंत माणसाला क्लबचा कंट्रोल देऊन टाकायचा. त्याऐवजी फॅन लोकांनी बाँड काढला आणि स्वतःच्या बचतीतून 50 लाख पाउंडांच्या वर जमवले. इतक्या वेळा वाचलं तरी हे वाचताना गळा दाटतो. आणि उघडलं तेव्हा कोविड, स्टँड रिकामे, ज्यांनी पैसे घातले ते घरी बसून स्क्रीनवर बघतायत.

पण एक गोष्ट आहे जी लोक या आनंदात विसरतात आणि मला ती सोडवत नाही. मधल्या काळात विम्बल्डन किंग्जमेडोला खेळायचे, ते मुळात किंग्स्टोनियन नावाच्या आणखी छोट्या क्लबचं ग्राउंड. किंग्स्टोनियन आर्थिक अडचणीत आले, ग्राउंड हातातून गेलं, 2003 मध्ये ते विम्बल्डनकडे आलं, किंग्स्टोनियन तिथेच भाडेकरू झाले. पुढे नव्या स्टेडियमला पैसा हवा म्हणून किंग्जमेडो चेल्सीला विकलं, आणि 2017 मध्ये किंग्स्टोनियन बाहेर, दुसऱ्याच्या ग्राउंडवर. बेघर होण्याचं दुःख ज्यांना सगळ्यात जास्त कळत होतं त्यांच्याच घर बांधण्यात दुसऱ्याचं घर गेलं. मी विम्बल्डनच्याच बाजूचा आहे, त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं तेही मला सांगता येत नाही, पण हे गिळवत नाही.

मेडस्टोन या आणखी एका छोट्या क्लबचंही तसंच. 1988 मध्ये आपलं ग्राउंड विकून शेजारच्या डार्टफोर्ड क्लबच्या ग्राउंडवर जाऊन राहिले, तिथून फुटबॉल लीगमध्येही पोचले, आणि 1992 ला क्लब कोसळला तेव्हा डार्टफोर्डचं ग्राउंडही त्यात गेलं. एकाच्या चुकीच्या हिशेबात दोन गावांचं फुटबॉल उघड्यावर. मेडस्टोन 2012 ला आपल्या गावात परतले. डार्टफोर्ड 2006 पर्यंत शेजारपाजारच्या ग्राउंडवर दिवस काढत होते.

म्हणून आता कुठल्याही क्लबने "नवीन स्टेडियमसाठी जागा बघतोय" म्हटलं की मी चकचकीत चित्र बघतच नाही. जमीन कुणाची, लीज किती वर्षांची, जुनं ग्राउंड कधी सोडणार, नवीन तयार व्हायच्या आधी की नंतर, आणि शेजारच्या क्लबचं काय होणार, एवढंच शोधतो. जुनं विकायच्या आधी नव्याची चावी हातात पाहिजे. ही अट प्रत्येक देशाच्या लीगने लेखी घालावी असं मला फार वाटतं, नुसती मालकाच्या शब्दावर सोडू नये.

डार्टफोर्डचं 2006 चं नवं ग्राउंड, प्रिन्सेस पार्क, मला त्यासाठीच आवडतं. नगरपालिकेने बांधलं, साधारण चार हजार माणसांचं, लाकडाचा भरपूर वापर, छतावर हिरवळ, आणि मैदान जमिनीच्या पातळीपेक्षा मुद्दाम खाली घेतलंय म्हणजे दिव्यांचा आणि आवाजाचा त्रास शेजाऱ्यांना कमी. क्लबच्या गर्दीला पुरेल एवढंच, आणि गावात. उद्या मित्राला त्याचे फोटो पाठवतो, डार्लिंग्टनच्या रिकाम्या स्टँडच्या फोटोबरोबर.